हात गप्प बसवू नका

बोलताना हात हलवू नयेत, असे बजावणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. घरात वडीलधारे बजावतात, शाळेत बाई बजावतात, मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लासवाले तर त्याचा वेगळा तास घेतात. जत्रेतला पाळणा कसा फिरतो हे सांगायला पोराने हात वर नेला की ‘हात खाली घे, तोंडाने सांग’ हे ठरलेले. मुलगी मोठी होऊन नोकरीच्या मुलाखतीला निघाली की ‘हात मांडीवर ठेव, हातवारे करू नकोस’ हेही ठरलेले. सल्ला देणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो, चांगल्या वळणाचा भाग वाटतो. तो निरुपद्रवी नाही. तो चुकीच्या समजुतींवर उभा आहे, त्याने मुलांचे नुकसान होते आणि त्याच्या तळाशी माणसांविषयीची जुनी अढी आहे. म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

आधी हे मत आहे तसे मांडू या. त्याचे म्हणणे असे: भाषा म्हणजे शब्द. ज्याच्यापाशी शब्दांची श्रीमंती आहे त्याला हातांची गरज पडत नाही. ज्याला शब्द सुचत नाहीत तोच हात हलवतो. हात हलले की ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, वर्गाची शिस्त बिघडते. शिवाय हातवारे हे बाजारातल्या आणि बांधावरच्या माणसांचे लक्षण. सुशिक्षित माणूस संयमाने बोलतो. आणि हात वापरायचेच असतील तर ते शिकून, ठरवून, मोजून वापरावेत. यातला एकही मुद्दा तपासून पाहिल्यावर टिकत नाही.

हात हे ऐकणाऱ्यासाठी केलेले प्रदर्शन आहे, या गृहीतापासून सुरुवात करू. तसे असते तर फोनवर बोलताना आपले हात स्वस्थ राहिले असते. नऊवारी कशी नेसायची हे फोनवर भाचीला सांगणारी मावशी पाहा. निऱ्या कुठे घ्यायच्या, कासोटा मागे कसा खोचायचा हे सांगताना तिची बोटे हवेत निऱ्या घालत असतात, मनगट मागे वळते, अंगठा खोचल्यासारखा कमरेशी दाबला जातो. भाचीला यातले काहीही दिसत नाही. मग हे हात कोणासाठी हलतात? तिच्या स्वतःसाठी. पुढची पायरी कोणती हे तिचे हात तिला सांगत असतात.

कोणी म्हणेल, ही पाहून पाहून लागलेली सवय आहे. त्याला उत्तर १९९८ मध्येच मिळाले आहे. जाना आयव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात जन्मांध मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांनी आयुष्यात कोणाचे हात हललेले पाहिले नव्हते. तरीही बोलताना त्यांचे हात डोळस मुलांसारखेच हलत होते. समोरचा माणूसही अंध आहे हे माहीत असतानाही हलत होते. बघणारा कोणी नाही, अनुकरण करायला नमुना नाही, आणि तरी हात हलतात. मग ही वाईट सवय म्हणायची की माणसाच्या बोलण्याची जन्मजात घडण?

दुसरा मुद्दा अधिक रुजलेला आहे: शब्द तोकडे पडले की हात हलतात. हे खरे असेल तर तोतरेपणा असलेल्या माणसाचे हात सर्वांत जास्त हलायला हवेत, कारण शब्द अडकण्याचा अनुभव त्याच्याइतका कोणालाच नाही. रेचल मेबेरी यांच्या अभ्यासात उलटेच दिसले. शब्द अडकतो त्या क्षणी हातही थबकतो आणि शब्द सुटला की हातही सुटतो. शिकागो विद्यापीठाचे डेव्हिड मॅक्नील यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात हीच मांडणी केली आहे की हाताची हालचाल आणि वाणी एकाच विचाराची दोन अंगे आहेत. ज्या शब्दाशी हालचालीचा संबंध असतो त्याच्यासोबत किंवा त्याच्या किंचित आधी हात जागेवर पोहोचलेला असतो. शब्द संपल्यावर मदतीला धावणारा हात शब्दाच्या आधी कसा पोहोचेल?

आणि शब्दांच्या श्रीमंतीचा एवढा अभिमान असेल तर एक प्रयोग करून पाहा. दोन्ही हात पाठीमागे धरा आणि गोल जिना शब्दांत सांगा. मोदकाच्या कळ्या कशा पाडतात ते सांगा. आपल्या गावच्या नदीचे वळण सांगा. मराठीवर कितीही प्रभुत्व असले तरी वाक्य मध्येच अडते आणि खांदे हातांना ओढू लागतात. शब्द एकामागून एक येतात. वळण, उतार, जाडी, वेग हे सगळे एकदम असते. ते एकदम दाखवण्याचे साधन माणसाकडे आहे, आणि ते साधन वापरणे ही भाषेची गरिबी ठरवायची?

शिस्तीच्या मुद्द्याने मी सर्वांत जास्त अस्वस्थ होतो, कारण तिथे मुलांचा प्रश्न येतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. वर्ग शांत झाला एवढेच या आज्ञेतून शिक्षकाला कळते. कोणत्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हे कळण्याची वाट मात्र तिथे बंद होते.

हे ‘डोक्यात काय चालले आहे’ हातांवर दिसते, हे गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिन्रिज चर्च यांनी १९८६ मध्ये दाखवले. प्रयोग साधा होता. एका पेल्यातले पाणी दुसऱ्या, पसरट भांड्यात ओतायचे आणि पाणी तेवढेच राहिले का, हे मुलाला विचारायचे. लहान मूल बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणते आणि कारण देते: हा पेला उंच आहे, ते भांडे बुटके आहे. पण काही मुले तोंडाने उंचीबद्दल बोलत असताना हाताने भांड्याची रुंदी दाखवत होती. उत्तर चुकलेले, वाणी उंचीवर अडलेली, आणि हात मात्र दुसऱ्या मापापर्यंत पोहोचलेला. याच मुलांना शिकवल्यावर ती बाकीच्यांपेक्षा लवकर शिकली. म्हणजे मूल समजण्याच्या उंबरठ्यावर आहे, ही बातमी हात देतात आणि जीभ अजून देत नाही. ज्या वर्गात पन्नास हातांची घडी आहे त्या वर्गातली शिक्षिका ही बातमी कशी वाचणार?

पुढचा पुरावा गणिताचा आहे. २००१ च्या एका प्रयोगात मुलांना आणि मोठ्यांना काही शब्द किंवा अक्षरे लक्षात ठेवायला दिली आणि मधल्या वेळात एक गणित कसे सोडवले ते समजावून सांगायला लावले. काही वेळा हात मोकळे होते, काही वेळा हात स्थिर ठेवायला सांगितले होते. हात मोकळे असताना यादी जास्त लक्षात राहिली. हात विचाराचा भार उचलतात. ते बांधले की तो सगळा भार स्मरणशक्तीवर पडतो. २००८ मध्ये सुसान वॅगनर कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना ४ + ३ + ६ = __ + ६ अशा तऱ्हेची गणिते शिकवली. काही मुलांनी ‘दोन्ही बाजू सारख्या करायच्या’ असे नुसते तोंडाने म्हटले, काहींनी बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूखाली एक हात आणि दुसऱ्या बाजूखाली दुसरा हात फिरवला. लगेचच्या परीक्षेत फारसा फरक पडला नाही. चार आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा हात वापरलेल्या मुलांना ते जास्त टिकून आठवत होते.

आपल्या घरात हे ज्ञान कधीपासून आहे. आजी बोटांच्या पेरांवर तिथी मोजते, महिने मोजते. तबला शिकणारे मूल त्रिताल हातावर धरते: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उघडा टाकून खाली. सोळा मात्रांचे आवर्तन असे हातात बसल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही, हे सांगायला कोणत्याही गुरूला प्रयोगशाळा लागली नाही. गल्लोगल्ली निघालेल्या अबॅकसच्या वर्गात पाटी बाजूला ठेवलेली मुले हवेत मणी सरकवून मोठाल्या बेरजा करतात आणि पालक कौतुकाने पाहतात. मग त्याच मुलाने गणिताच्या तासाला बोटे हलवली की ‘बोटांवर मोजू नकोस’ असे का ऐकावे लागते?

आता पुढचा मुद्दा: हातवारे गावंढळपणाचे लक्षण. इथे अढी उघडी पडते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात युरोपातही हेच बोलले जात होते. नेपल्सचे लोक, पूर्व युरोपातले ज्यू हातांनी बोलतात म्हणून ते हलक्या वंशाचे, असे नाझी काळातले वंशवादी लेखक शास्त्राच्या नावाखाली लिहीत होते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन आणि ज्यू लोकांचे हात बारकाईने पाहिले, त्यांची चित्रे काढून घेतली, चित्रफिती तपासल्या आणि १९४१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या पिढीच्या दोन्ही समाजांच्या लकबी वेगवेगळ्या होत्या. अमेरिकी जीवनात मिसळून गेलेल्या त्यांच्या वंशजांत त्या लकबी पुसट होऊन दोघांचे हात एकमेकांसारखे झाले होते. हात हलणे जन्मजात असले तरी त्यांच्या लकबी रक्तातून येत नाहीत, सहवासातून घडतात. म्हणजे कोणाच्या हातांवरून त्याची लायकी ठरवणे याला कसलाही आधार उरत नाही.

सुसंस्कृतपणाचाच दाखला हवा असेल तर रोमच्या क्विंटिलियनकडे जावे. पहिल्या शतकातल्या या शिक्षकाने वक्तृत्वावरच्या आपल्या बारा भागांच्या ग्रंथात हातांना मोठी जागा दिली: कोणते बोट कुठे, हात किती उंच, कधी उघडा, कधी मिटलेला. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि जोडहाताच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत आणि अभिनयाच्या चार प्रकारांत आंगिकाचे नाव वाचिकाच्या आधी येते. त्याच ग्रंथात उत्तम पात्राचे हात कमी हलावेत आणि अधम पात्राचे जास्त, असा दंडकही आहे. विरोधक त्याकडे बोट दाखवतील. खुशाल दाखवावे. त्यातून एवढेच सिद्ध होते की हात आवरण्याचा नियम मुळापासून प्रतिष्ठेच्या उतरंडीचा नियम होता. विचाराच्या स्पष्टतेशी त्याचा संबंध नव्हता. लोकशाहीत शिकणाऱ्या मुलीने दरबारातल्या पात्रांची उतरंड का पाळावी?

शिवाय ज्यांना बाजारी म्हणून हिणवले जाते ते हात काय करत आले आहेत, हे तरी पाहावे. वाशीच्या बाजारात हापूसचा भाव पूर्वापार रुमालाखाली बोटे दाबून ठरत आला. ही पद्धत शेतकऱ्यापासून भाव लपवते म्हणून तिच्यावर टीका होते आणि ती टीका रास्त आहे. पण नुसत्या स्पर्शाने आकडे आणि घासाघीस इतक्या अचूकपणे चालते, हे त्यातून नाकारता येत नाही. दलाल स्ट्रीटच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली येईपर्यंत दलाल रिंगणात उभे राहून ओरडत आणि हाताच्या खुणांनी सौदे करत होते. देशातले मोठमोठे व्यवहार त्या हातांवर विसंबून होते. आणि यमुनाबाई वाईकर? २०१२ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या कलावतीची बैठकीची लावणी बसल्या जागी होत असे. पायांना वाव नाही, नाच नाही. मनगटाच्या एका वळणाने, पदराकडे जाऊन थांबलेल्या बोटांनी एकाच ओळीचा अर्थ दर वेळी निराळा होई. याला अशिष्ट म्हणणाऱ्याने शिष्टपणाची आपली व्याख्या तपासावी.

गाण्यातला आक्षेप वेगळा ऐकावा लागतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष सांगितले आहेत आणि अंग पसरून गाणे हा त्यातला एक. आजही ‘मुद्रादोष’ हा शब्द मैफलीनंतरच्या गप्पांत ऐकू येतो. पण पंडित भीमसेन जोशींना पाहिलेल्या कोणीही सांगावे की तान वर चढताना त्यांचे हात, खांदे, मान तिच्यामागे जात तो दोष होता का. स्वर आधी लागला आणि मग हात हलला, असे तिथे कधी दिसले नाही. दोन्ही एकाच झेपेत येत. हिंदुस्थानी संगीतातल्या हालचालींवर २०१२ मध्ये ग्रंथ लिहिणारे मॅथ्यू रहैम सांगतात की हात कसे हलवायचे हे गुरू शिकवत नाही, तरी शिष्यांच्या हातांत गुरूचे हात दिसतात. म्हणजे रागाची चाल कळण्याबरोबर हातही उतरतो. त्या शिष्याला हात मांडीवर ठेवून गायला लावले तर शिकण्यातला केवढा भाग कापला जाईल?

उरले व्यक्तिमत्त्व विकासवाले. ते हात सोडत नाहीत, त्यांची कवायत करून घेतात: बोटांची टोके जुळवा, तळवे वर ठेवा, खांद्याच्या रेषेबाहेर जाऊ नका. आधाराला ते एक आकडा देतात: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून जोडून काढलेला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. त्यात वाक्य नव्हते, संभाषण नव्हते, आणि हात तर मुळीच नव्हते. ५५ टक्के आले ते फोटोतल्या चेहऱ्याचे. आपले सूत्र भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते आहे, असे स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. तरी हजारो तरुणांना हा आकडा पाठ करायला लावला जातो.

त्या कवायतीचे फळ शालेय वक्तृत्व स्पर्धांत दिसते. ‘सूर्य’ म्हटले की हात वर, ‘धरणी’ म्हटले की हात खाली, ‘हृदय’ म्हटले की तळवा छातीवर. परीक्षकाच्या कागदावर हावभावांना गुण असतात, म्हणून हे बसवले जाते. असल्या एका स्पर्धेनंतर मंडपामागे मी एका स्पर्धक मुलीला मैत्रिणीशी बोलताना पाहिले. विहिरीवरची मोटर का बंद पडली ते ती सांगत होती. एक हात पाइप झाला, दुसऱ्या हाताची बोटे पात्यांसारखी फिरली, पाइप जिथे हवा धरतो तिथे तिने मनगट दाबून धरले. मला त्या दोन मिनिटांत मोटरची अडचण समजली. मंचावरच्या सात मिनिटांत तिचा एकही विचार माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता, कारण तिथे हात तिचे नव्हते. बसवलेला हात आणि बांधलेला हात ही एकाच अविश्वासाची दोन रूपे आहेत: मुलाला स्वतःच्या हातांनी विचार करता येईल, यावर मोठ्यांचा विश्वास नाही.

या अविश्वासाची सर्वांत मोठी किंमत बहिऱ्या माणसांनी मोजली. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा काढून टाकून मुलांना फक्त तोंडी बोलायला शिकवावे, असा ठराव ऐकू येणाऱ्या शिक्षकांच्या बहुमताने झाला. त्यानंतर अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वर्गात हात वापरायला बंदी झाली. काही ठिकाणी हातांवर बसवले गेले. विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची पद्धतशीर रचना आहे हे दाखवून देईपर्यंत बहुतेक विद्वान त्या भाषेला नुसते हातवारे समजत होते. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूव्हरला, १३० वर्षांनी. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये उभे राहिले. त्याचा ३,००० शब्दांचा पहिला कोश २०१८ मध्ये आला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. ‘तोंडाने सांग’ या सहज वाटणाऱ्या वाक्याने धोरणाचे रूप घेतले की काय होते, ते या इतिहासात आहे.

लक्ष उडते, या मुद्द्याला एवढेच उत्तर: पेनचे बटण टकटक दाबणे, किल्ल्या खुळखुळवणे यांचा बोलण्याशी संबंध नसतो, ते जरूर थांबवावे. समोरच्याच्या तोंडावर बोट नाचवणे हा उर्मटपणा आहे आणि तो हात न हलवताही करता येतो. अर्थ घेऊन येणारा हात लक्ष उडवत नाही, लक्ष जागेवर आणतो.

तेव्हा शिक्षकांनी, पालकांनी आणि परीक्षकांनी हे सरळ मान्य करावे. माणूस हातांसकट विचार करतो. हात बांधून घेतलेले उत्तर हे अर्धे उत्तर असते आणि त्यावरून मुलाची समज मोजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मूल सांगताना हात हलवत असेल तर त्याला थांबवू नका. त्याच्या हातांकडे पाहा, कारण त्याला काय कळले आहे आणि कुठे अडले आहे ते तिथे लिहिलेले असते. वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेतून बसवलेल्या हावभावांचे गुण काढून टाका. मुलाखतीत उमेदवाराच्या हातांवर नव्हे, तो काय सांगतो त्यावर निर्णय घ्या. आणि ज्यांना हा हक्क सर्वांत जास्त नाकारला गेला त्या बहिऱ्या मुलांना प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्या हातांच्या भाषेत शिकता येईल, अशी शाळा आणि असे शिक्षक द्या. हात मोकळे ठेवून बोलणे हा असभ्यपणा नाही. तो माणसाचा हक्क आहे, आणि तो हिरावून घेणाऱ्या सल्ल्याला यापुढे संस्कार म्हणू नये.